रक्तांतील खूण आणि विजेची साक्ष



मुळशी हें नांव उच्चारलें कीं महाराष्ट्रांतील जुन्या माणसांच्या मनांत दोन गोष्टी उभ्या राहतात: धरण आणि सत्याग्रह. मीं ह्याच तालुक्यांत आयुष्यभर मास्तरकी केली. तेव्हां त्या दोहोंविषयीं मीं बोलावें अशी अपेक्षा कोणी केली तर तें साहजिक आहे. परंतु आज मी एका वेगळ्याच गोष्टीचा इतिहास सांगणार आहें. कांहीं कर्करोगांची खूण रोग्याच्या रक्तांत सांपडते. ती खूण अचूक वेंचून काढणारा एक कृत्रिम पदार्थ १९९० सालीं शास्त्रज्ञांच्या हातीं लागला आणि तो विजेच्या तारेला जोडला असतां खूण सांपडल्याची वर्दी वीजच देते, असें पुढें आढळून आलें. त्या पदार्थाला ‘अॅप्टमर’ म्हणतात. नांव परकें आहे, पण वस्तु समजण्यास तितकी कठीण नाहीं.

आधीं मुळशीचा धागा सांगून टाकतों. मुळेचें पाणी अडवून तें सह्याद्रीच्या कड्यावरून कोंकणांत सोडावयाचें आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर वीज काढून ती मुंबईला पुरवावयाची, ही योजना टाटांची. १९२१ च्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिलला, येथें सत्याग्रहाला आरंभ झाला. सेनापति बापट ह्यांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. तीन वर्षांनीं लढा मावळला, धरण पुरें झालें, खोऱ्यांतील सुमारें पन्नास गांवांना त्याची झळ पोंचली आणि १९२७ सालीं भिरा येथील वीजघर चालूं झालें. त्या काळीं टाटांच्या उद्योगांचे प्रमुख सर दोराबजी टाटा हे होते. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढल्याच वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांच्या संपत्तीच्या न्यासानें मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय बांधलें. तें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. ज्यांचीं भातखाचरें पाण्याखालीं गेलीं त्यांच्या नातवंडांना आज गांठ दिसली कीं परळचीच वाट धरावी लागते. एका गोष्टीनें दुसरीची फेड झाली असें मी म्हणणार नाहीं. जमिनीचा हिशेब वेगळा आणि रुग्णालयाचा वेगळा. दोन्ही वह्या उघड्या ठेवाव्या हें बरें.

ह्या रुग्णालयांत आरंभींच दाखल झालेले डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्याकडील कर्करोग-संशोधनाचे आद्य पुरुष होत. तंबाखू चघळण्याची संवय आणि तोंडाचा कर्करोग ह्यांचा संबंध त्यांनीं अभ्यासिला. धोतर किंवा लुगडें वर्षानुवर्षें एकाच जागीं करकचून नेसल्यानें कमरेच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाचें वर्णनहि त्यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें, त्याचे पहिले संचालक तेच. त्यांच्याच हाताखालीं पुण्याच्या एका मुलीनें १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली. ही मुलगी हुजूरपागेची विद्यार्थिनी. वडील फर्गसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. माहेरचें नांव कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. अमेरिकेंत जॉर्ज गाय ह्यांच्याजवळ, ज्यांच्या प्रयोगशाळेंत मानवी कर्कपेशी प्रथम अखंड वाढूं लागल्या त्यांच्याजवळ, त्या शिकल्या आणि परत येऊन त्यांनीं मुंबईंत पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. पुण्यांत त्यांच्या नांवाचा एखादा रस्ता असावा असें मला पुष्कळदां वाटतें. पण तो विषय नगरपित्यांचा.

खानोलकरांच्या काळांत कर्करोग ओळखावयाचा म्हणजे गांठ हातीं लागावी, तिचा तुकडा काढावा आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा, हाच राजमार्ग होता. आजहि अखेरचा निवाडा तोच देतो. परंतु गांठ हातीं लागेपर्यंत रोग पुष्कळ पुढें गेलेला असतो. म्हणून गांठीच्या आधीं एखादी खूण सांपडते काय, हा शोध फार दिवसांपासून चालूं आहे.

पहिली खूण सांपडली ती रक्तांत नव्हे, लघवींत. १८४५ सालीं लंडनमधील एका किराणा व्यापाऱ्याला हाडांच्या असह्य वेदना होत होत्या. त्याच्या लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स ह्या रसायनज्ञ डॉक्टराकडे आला. प्रथिन असलेला द्रव तापविला म्हणजे, अंडें उकडल्याप्रमाणें, तें गोठतें आणि गोठलेलेंच राहतें. ह्या नमुन्यांतील प्रथिन मात्र कोमट असतां सांकळे, उकळी येतांच विरघळून जाई आणि निवूं लागलें कीं पुन्हां सांकळे. तो व्यापारी वांचला नाहीं. पण हाडांतील मगजाच्या कर्करोगाची ही खूण बेन्स जोन्स ह्यांच्या नांवानें वैद्यकांत रूढ झाली. साधन काय, तर एक परीक्षानळी आणि एक स्पिरिटचा दिवा! इतकी स्वस्त खूण पुढें दुसरी सांपडली नाहीं.

त्यानंतर शंभरावर वर्षें ह्या बाबतींत मंद गतीनें गेलीं. १९६३ सालीं मॉस्कोंत आबेलेव्ह ह्यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तांत एक प्रथिन आढळलें. तें एरवीं गर्भावस्थेंतच असतें. १९६५ सालीं कॅनडांत गोल्ड व फ्रीडमन ह्यांनीं आंतड्याच्या कर्करोगांत असेंच एक गर्भकालीन प्रथिन शोधिलें. १९८१ सालीं अंडाशयाच्या कर्करोगाची ‘सीए १२५’ ही खूण बास्ट ह्यांनीं वर्णिली. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचें ‘पीएसए’ नांवाचें प्रथिन १९७९ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें करण्यांत आलें. तें तर आतां शहरांतील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडीं आहे.

ह्या खुणा रक्तांत किती असतात ह्याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब सांगतों. पीएसए चार नॅनोग्रॅमच्या वर गेलें कीं पुढें तपास करावा, असा संकेत अनेक वर्षें चालत आला. चार नॅनोग्रॅम हे एका मिलिलिटर रक्तरसांत. हें प्रमाण दहा लाख लिटरांत चार ग्रॅम असें पडतें. उन्हाळ्यांत आमच्या वाड्यावस्त्यांवर दहा हजार लिटरांचा पाण्याचा टँकर येतो. तसे शंभर टँकर ओळीनें उभे करा आणि त्या सगळ्या पाण्यांत मिळून एक चहाचा चमचा साखर टाका. आतां एक थेंब जिभेवर ठेवून साखर किती तें सांगा, असा हा प्रश्न आहे.

हा प्रश्न प्रथम सुटला तो प्रतिपिंडांमुळें. शरीरांत परका पदार्थ शिरला कीं रक्त त्याला अचूक पकडणारें प्रथिन तयार करतें, तें प्रतिपिंड. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन ह्यांनीं १९५९ च्या सुमारास प्रतिपिंड आणि किरणोत्सर्गी मूलद्रव्य ह्यांची सांगड घालून अत्यल्प पदार्थ मोजून दाखविले. १९७१ सालीं स्टॉकहोममध्यें किरणांच्या जागीं रंग बदलणारी रासायनिक क्रिया आली. १९७५ सालीं केंब्रिजमध्यें कोलर व मिलस्टाइन ह्यांनीं एकाच जातीचीं प्रतिपिंडें हवीं तितकीं करण्याची पद्धति काढली. आज पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांतून कर्करोगाच्या खुणा मोजतात त्या बहुधा ह्याच मार्गानें. परंतु प्रतिपिंडें करावयाचीं म्हणजे जिवंत प्राणी किंवा जिवंत पेशी पाळाव्या लागतात. तीं बहुधा शीतकपाटांत ठेवावीं लागतात. एकदां उष्णतेनें बिघडलीं कीं सहसा पूर्वपदावर येत नाहींत. मोजणारें यंत्रहि मोठें. म्हणून ताम्हिणी घाटांतल्या माणसाचें रक्त पुण्याला जातें आणि निकाल मागाहून येतो. श्रावणांत दरड कोसळली तर किती मागाहून, तें विचारूं नये.

आतां विजेकडे वळूं. विजेनें रसायनाची ओळख पटविण्याची कला जुनी आहे. गॅल्व्हानीचा बेडूक आणि १८०० सालचा व्होल्टाचा घट शाळेंत सर्वांनीं वाचलेला असेल. १९२२ सालीं प्राग येथें हेयरोव्हस्की ह्यांनीं द्रावणांतून विजेचा प्रवाह कसा वाढतो तें पाहून द्रावणांत काय आहे हें सांगण्याची पद्धति काढली; १९५९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९६२ सालीं अमेरिकेंत लेलंड क्लार्क ह्यांनीं एक चतुर कल्पना मांडली: साखरेवर नेमकी क्रिया घडविणारें विकर विद्युदग्रावर बसवावें, म्हणजे साखर जितकी जास्त तितका प्रवाहांत फरक पडेल. १९८७ सालीं ह्या तत्त्वावरचें पेनाएवढें यंत्र विक्रीस आलें, आणि आज मधुमेह्यांच्या घरीं बोट टोंचून पट्टीवर थेंब ठेवणें हें दांत घासण्याइतकें नित्याचें झालें आहे.

साखरेचें जमलें तें कर्करोगाचें कां जमूं नये? अडचण अशी कीं साखर रक्तांत भरपूर असते आणि तिच्यावर क्रिया करणारें विकर निसर्गानेंच देऊन ठेविलें आहे. पीएसएसारख्या प्रथिनाला असें सोयीचें विकर नाहीं. त्याला नुसतें पकडावें लागतें आणि पकडल्याची खबर तारेला द्यावी लागते. पकडणारा हात हवा, आणि तोहि असा कीं पकडतांना जो स्वतः हालेल.

तो हात १९९० सालीं सांपडला, आणि एकाच वेळीं दोन ठिकाणीं. बोस्टनला अँडी एलिंग्टन व जॅक शोस्टाक, आणि कोलोरॅडोंतील बोल्डर येथें क्रेग टुर्क व लॅरी गोल्ड. दोन्ही जोड्यांची युक्ति मुळांत एकच. आरएनए किंवा डीएनए ही चार अक्षरांची माळ आहे हें आपणांस ठाऊक आहे. चाळीस मण्यांची अशी माळ वाटेल तशी ओंवली तर होणाऱ्या निरनिराळ्या माळांची संख्या एकावर चोवीस शून्यें देऊन होणाऱ्या संख्येहूनहि मोठी भरते. प्रत्येक माळ पाण्यांत आपल्या अक्षरांप्रमाणें वेगळी वळते, वेगळी घडी घेते. मग ज्या प्रथिनाला पकडावयाचें असेल त्याला एखादी तरी घडी फिट्ट बसणारच! पण ती ओळखावी कशी?

आमच्याकडील शेतकरी आंबेमोहोराचें बियाणें राखतो तशी. सगळें पीक पाहून त्यांतल्या चांगल्या ओंब्या निवडावयाच्या, त्याच पेरावयाच्या, पुढल्या हंगामांत पुन्हां निवडावयाच्या. येथें लक्ष्य असलेलें प्रथिन घट्ट बसवून त्यावरून असंख्य माळांचें द्रावण सोडतात. ज्या चिकटत नाहींत त्या धुवून जातात. ज्या चिकटल्या त्या सोडवून रासायनिक रीतीनें त्यांच्या कोट्यवधि प्रती करतात आणि पुन्हां त्याच प्रथिनावरून सोडतात. अशा दहाबारा फेऱ्या झाल्या कीं एकावर तेराचौदा शून्यें इतक्या माळांतून मूठभर उरतात, आणि त्या त्या प्रथिनाला घट्ट धरतात. शेतकऱ्याला दहा हंगामांना दहा वर्षें लागतात. प्रयोगशाळेंत तें काम कांहीं आठवड्यांत होतें. लॅटिनमधील ‘जुळणारा’ ह्या अर्थाच्या शब्दावरून एलिंग्टन व शोस्टाक ह्यांनीं त्यांना अॅप्टमर हें नांव दिलें. १९९२ सालीं रक्त गोठविणाऱ्या थ्राँबिन ह्या प्रथिनाला पकडणारा अवघ्या पंधरा अक्षरांचा डीएनए अॅप्टमर निघाला आणि ह्या शास्त्राची तालीम बहुतेक त्याच्यावरच झाली. २००४ सालीं अमेरिकेंत एक अॅप्टमर डोळ्याच्या रोगावर औषध म्हणूनहि मान्य झाला.

अॅप्टमरला जनावर लागत नाहीं. अक्षरांची यादी हातीं असली कीं तो यंत्रांत जुळवितां येतो, आणि ह्या खेपेचा व पुढच्या खेपेचा माल सारखा उतरतो. डीएनएचा अॅप्टमर तापला तर उलगडतो, पण निवला कीं पुन्हां आपली घडी घेतो. आडगांवच्या दवाखान्याच्या दृष्टीनें हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो.

विजेशीं त्याची गांठ कशी घालतात तें आतां सांगतों. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अॅप्टमरचें एक टोंक गंधकाच्या साह्यानें बसवितात. सोन्याची आणि गंधकाची मैत्री जुनी आहे. दुसऱ्या टोंकाला मेथिलीन ब्लू हा निळा रंग जोडतात. ज्यांनीं शाळेंत कांद्याचा पापुद्रा किंवा गालाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या असतील त्यांना हा रंग परिचित आहे. ह्या रंगाचा रेणु सोन्याशीं इलेक्ट्रॉनांची देवघेव करतो. जवळ असला तर भरभर, दूर असला तर मंद. प्रथिन येऊन बसलें कीं अॅप्टमरची घडी बदलते, रंगाचें टोंक सरकतें आणि प्रवाह लगेच कमीजास्त होतो. २००५ सालीं कॅलिफोर्नियांत सांता बार्बरा येथें केव्हिन प्लॅक्सको व त्यांच्या सहकाऱ्यांनीं थ्राँबिन घेऊन हें करून दाखविलें. दुसरी रीत याहून साधी. शाळेच्या कपाटांत पोटॅशियम फेरिसायनाइडचे लाल खडे असतात. तें द्रावणांत ठेवून सोन्यापर्यंत तें किती सहज पोंचतें तें मोजावयाचें. अॅप्टमरवर प्रथिनांची गर्दी झाली कीं वाट अडते आणि विरोध वाढतो. बाजाराच्या दिवशीं पौडच्या रस्त्यावरून एस. टी. जावी तसें!

ह्या दोन रीतींवर आणि त्यांच्या पोटभेदांवर गेल्या वीस वर्षांत जगभर निबंधांचा पाऊस पडला. पीएसए, आंतड्याच्या कर्करोगाची खूण, स्तनाच्या कर्करोगांतील ‘हर-टू’ आणि ‘मक-वन’, सर्वांसाठीं अॅप्टमर निघाले. सोन्याचे सूक्ष्म कण, ग्राफीनचे पापुद्रे लावून प्रवाह वाढविण्याचे प्रयोग झाले. आमच्या तालुक्यांतील लवळें येथें सिंबायोसिस विद्यापीठाचें नॅनोविज्ञानाचें केंद्र आहे. जेथें माझ्या लहानपणीं गुरें चरत त्या टेकडीच्या आसपास आतां असल्या विद्येची चर्चा चालते.

परंतु निबंधांचा पाऊस आणि पीक ह्यांत अंतर असतें. स्वच्छ मिठाच्या पाण्यांत जो संवेदक एका थेंबांतील खूण ओळखतो, तो रक्तांत गोंधळतो. कारण रक्तांतील इतर प्रथिनें संख्येनें अफाट, तीं सोन्यावर बसून पत्रा लिंपून टाकतात. रक्तांतील विकरें आरएनएच्या माळा कुरतडतात. क्षारांचें प्रमाण बदललें कीं घडीहि बदलते. एकीकडे उत्तम म्हणून छापलेला अॅप्टमर दुसरीकडे तपासल्यावर फिका पडल्याचींहि उदाहरणें आहेत.

ह्याहून मोठी अडचण खुणेचीच आहे, तारेची नाहीं. पीएसए वाढलें म्हणजे कर्करोगच असें नाहीं. ग्रंथीला सूज आली किंवा ती वयोमानानें वाढली तरी तें वाढतें. शिवाय प्रोस्टेटचे कांहीं कर्करोग इतके मंद असतात कीं त्यांच्यासह माणूस सुखानें म्हातारा होतो, आणि शस्त्रक्रिया केली तर मात्र हाल होतात. म्हणून २०१२ सालीं अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळानें सरसकट पीएसए तपासूं नये असा सल्ला दिला आणि २०१८ सालीं तो सौम्य करून पंचावन्न ते एकोणसत्तर वर्षांच्या पुरुषांनीं डॉक्टरांशीं बोलून ठरवावें असें म्हटलें. सीए १२५ तर गरोदरपणांतहि वाढतें. आपल्या शहरांत ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिरातींत ह्या खुणांची माळ ओंवून विकतात, तें मला पसंत नाहीं. संवेदक कितीहि तीक्ष्ण केला तरी मूळ खूणच दुटप्पी असेल तर तो दुटप्पीपणाच अधिक अचूक मोजील.

तेव्हां एखादी तपासणी उपयोगी कीं निरुपयोगी हें कसें ठरवावें? ह्याचा धडा घेण्यास महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. १९९८ सालीं टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर एक चाचणी आरंभिली. दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या बायकांना चार आठवडे शिकवून त्यांच्याकडून गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकांतील व्हिनेगरचेंच सार, लावून पाहावयाचें; पांढरा डाग उठला तर पुढें तपास. दर दोन वर्षांनीं एक, अशा चार फेऱ्या केल्या. २०१३ सालीं निकाल जाहीर झाला: ह्या कर्करोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं घटले. तुलनेच्या गटांतील स्त्रियांना ही तपासणी मिळाली नाहीं, ह्यावरून पुढें टीका झाली; ती अगदींच अस्थानीं होती असें मला वाटत नाहीं.

त्याच सुमारास उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत दुसरी चाचणी झाली. बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था ह्यांनीं ती चालविली. खेड्यांचे ५२ समूह, १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. एका गटाची विषाणूच्या डीएनएवरून तपासणी, दुसऱ्याची पेशी पाहून, तिसऱ्याची त्याच आम्लानें, चौथ्याची नेहमीप्रमाणें. प्रत्येकीची तपासणी एकदांच. २००९ सालीं निकाल आला. एकदांच लावलेल्या आम्लानें मृत्यु म्हणण्यासारखे घटले नाहींत. मुंबईंत तीच रीत चार वेळां केल्यावर घटले. विषाणूच्या डीएनएची तपासणी मात्र एका वेळींच पुरली: त्या गटांत ह्या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या, तर नेहमीच्या गटांत, तो संख्येनें थोडा लहान असूनहि, ६४.

ह्या ३४ आणि ६४ च्या फरकासाठीं आठ वर्षें बायकांच्या घरोघर जाऊन नोंदी ठेवाव्या लागल्या. कोणी गांव सोडून गेली, कोणी ऊसतोडणीला गेली, तिचाहि माग ठेवावा लागतो. अॅप्टमरवर चालणारा कर्करोगाचा एकहि विद्युत्-संवेदक अजून ह्या पायरीपर्यंत आलेला नाहीं. प्रयोगशाळेंतील रक्ताच्या नमुन्यांवर त्याची परीक्षा चालूं आहे. तो कधीं काळीं आला, तर त्याची पट्टी घेऊन प्रथम घरोघर फिरणारी बाई बहुधा आमच्या माले-ताम्हिणीकडील आशा कार्यकर्तीसारखीच कोणी तरी असेल, आणि वहींत नांव, वय, गांव व तारीख लिहिण्याचें काम तिलाच करावें लागेल.